'आम्ही तसे नाही' हे वाक्य आधी टाकून द्या

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत क्लार्क आहे. माझं आडनाव मराठ्यांतही असतं, त्यामुळे घरमालकांनी मला आपल्यातलाच समजून वरची खोली दिली. मी फासेपारधी आहे. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण काका-काकूंकडेच असतं. मागच्या महिन्यात काकांनी पेपर मोठ्यानं वाचला, 'पारध्यांची टोळी जेरबंद'. काकू म्हणाल्या, "ह्यांच्या रक्तातच असतं ते." मी खाली मान घालून खात राहिलो. कात्रण सोबत जोडलंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. घरी सांगून टाकू का? पेपरला पत्र लिहून काही होतं का, की उगाच डोळ्यांवर येईन? आणि तिसरं म्हणजे, त्याच पेपरच्या बातमीदाराला माझ्याबद्दल कुठून तरी कळलंय आणि तो माझी 'यशोगाथा' करू म्हणतोय. आमचे साहेब म्हणतात कर, शाखेचंही नाव होईल. मला नको वाटतं, पण का ते नीट सांगता येत नाही. कृपया नाव-गाव छापू नये.

उत्तर:

तुमचं कात्रण टेबलावर पसरून बसले आहे. जिल्हा दैनिकांच्या डेस्कवर बरीच वर्षं गेल्यामुळे अशी बातमी मला उलट्या बाजूनंही दिसते. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते, तुमच्या प्रश्नांकडे मग वळते.

हेडिंग चार कॉलमी. खाली फोटो. स्थानिक गुन्हे शाखेचं पथक ओळीनं उभं, मधोमध साहेब, आणि पुढ्यात जमिनीवर उकिडवे बसवलेले पाच जण, तोंडावर काळे बुरखे. मजकुरात 'पारधी' हा शब्द पहिल्या वाक्यात येतो आणि तिथंच संपतो. पुढं त्याचं काही कामच नाही. गाडी कुठली, कटावणी आणि कोयते किती सापडले, गुन्हा कोणत्या ठाण्यात दाखल झाला, पथकात कोण कोण होतं, हे सगळं हुद्द्यांसकट आहे. पाच जणांना 'दरोड्याच्या तयारीत असताना' पकडलंय, म्हणजे दरोडा अजून पडलेला नाही. त्याच पानावर तळाशी दोन कॉलमांत पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी आहे. अध्यक्ष, व्यवस्थापक, संचालक मंडळ, ठेवीदारांचे बुडालेले पैसे. आरोपींची नावं आहेत, गावं आहेत, जात नाही. 'अमक्या जातीच्या टोळीनं पतसंस्था लुटली' असं हेडिंग तुम्ही कधी वाचलंय? मी नाही वाचलेलं, आणि वाचायला मिळू नये हेच बरं. फक्त वरच्या बातमीला तोच न्याय का नाही, एवढाच प्रश्न आहे.

हे घडतं कसं ते सांगते. संध्याकाळी कधीतरी पोलिसांची प्रेसनोट पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, फोटोही सोबतच. तालुक्याचा बातमीदार बहुतेक वेळा पगारी नसतो. जाहिरातींच्या कमिशनवर आणि ओळखीपाळखीवर त्याचं भागतं, आणि क्राइमच्या बातम्या मिळायला हव्यात तर ठाण्याशी गोड राहावं लागतं. तो प्रेसनोटमधल्या 'सदर इसमां'ना 'आरोपी' करतो, दोन वाक्यं वरखाली करतो आणि पाठवून देतो. डेस्कवरच्या माणसाला पान सोडायची घाई असते. 'पाच संशयित ताब्यात' या हेडिंगला त्याच्या हिशेबी वजन नसतं. 'पारधी' तीन अक्षरी, कुठल्याही मापात बसतो, आणि तो वाचला की रात्र, शेतातली एकटी वस्ती, घाबरलेली म्हातारी असं सगळं चित्र वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उभं राहतं. हे करणारा माणूस बरेचदा चांगला सभ्य असतो, डोक्यात पोराच्या फीची काळजी असते. म्हणूनच तर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललंय.

त्या पाचांपैकी तिघं उद्या पुराव्याअभावी सुटले, तर त्याची प्रेसनोट कोणी काढणार नाही. सुटलेल्या माणसाला मधे उभं करून फोटो काढायला कुठलंही पथक येत नाही. काकांच्या डोक्यात राहणार ते पकडल्याचं हेडिंगच.

आता याच्या उलट प्रकार. पारधी वस्तीवर हल्ला झाला, पालं पेटवली, गावानं हुसकून लावलं, तेव्हा बातमीत काय येतं? 'दोन गटांत हाणामारी.' 'विशिष्ट समाजाच्या वस्तीवर तणाव.' जिथं मार खाल्ला तोच मुळी जातीपायी, तिथं जात सभ्यपणे गाळायची, आणि जिथं तिचा काडीचा संबंध नाही तिथं ठळक टायपात लावायची. मला विचाराल तर खरा राग यावा तो याचा.

काकू 'रक्तात' म्हणाल्या, ते त्यांनी घरी शोधून काढलेलं नाही. ते सरकारी कागदावरून खाली झिरपलंय. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो साऱ्या ब्रिटिश मुलखात लागू करता आला. एकेक जमात सरसकट गुन्हेगार म्हणून जाहीर करायची, मग नोंद झालेल्यानं हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवली. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. हा कायदा गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन. पण लगोलग राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले, आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५९ चा. कागदावरची जमात पुसली आणि संशयाची सवय तशीच राहिली. त्यात १९७२ चा वन्यजीव कायदा आला. तितर-लाव्हे फाशात धरून बाजारात विकणाऱ्याचा धंदा गुन्हा झाला, आणि त्याऐवजी त्यानं काय करून खावं हे कोणी सांगितलं नाही. हे सगळं तुम्हाला मी सांगायला नको, घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं असेल. लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी. कोण जाणे, काकूही हे सदर वाचत असतील.

हे फक्त मन दुखावण्यापुरतं असतं तर मी 'दुर्लक्ष करा' म्हणाले असते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे, मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवर फिरत होते. मेसेज नवा होता, पण खांद्यावर झोळी असलेला परका माणूस दिसला की 'टोळी' आठवायची, हे शिक्षण जुनं. ते कोणी दिलं, याचा हिशेब आम्हा पेपरवाल्यांनाही मागायला हवा.

आणि गंमत बघा, आपल्यावर आलं की आपल्याला हे चटकन समजतं. हिंदी सिनेमात मोलकरीण आणि पानखाऊ हवालदार मराठीच का, यावर आपण किती पिढ्या कुरकुरतोय! गोव्याच्या ख्रिस्ती माणसांना विचारा, पडद्यावरचा त्यांचा काका नेहमी झिंगलेलाच का असतो म्हणून. तिथं आपल्याला राग येतो. आपल्याच पेपरातलं हेडिंग मात्र चहाबरोबर खाली उतरतं.

तर पेपरला पत्र. लिहा, पण माझं एक ऐका. पत्रात 'सगळेच पारधी तसे नसतात', 'आम्ही कष्ट करून खातो', 'मी स्वतः बँकेत आहे' यातलं एकही वाक्य नको. तुम्हाला हे सगळं लिहावंसं वाटणार, मला माहीत आहे. 'आम्ही तसे नाही' म्हटलं की 'तसे' कोणीतरी आहेत हे तुम्हीच मान्य केलंत, आणि आपण त्यातले नाही हे शाबीत करत बसायचं काम गळ्यात घेतलंत. अपहार करणाऱ्या अध्यक्षाच्या जातभाईंना कोणी असा दाखला मागत नाही. मग तुम्ही का द्यायचा?

पत्र छोटं आणि कोरडं हवं. साधारण असं:

"आपल्या अमुक तारखेच्या अंकात पान अमुकवर 'पारध्यांची टोळी जेरबंद' ही बातमी आहे. संशयितांच्या जमातीचा कथित गुन्ह्याशी काय संबंध, हे बातमीत कुठेही आलेले नाही. त्याच पानावर पतसंस्थेतील अपहाराची बातमी आहे. तिच्यात आरोपींची जात दिलेली नाही, आणि ते योग्यच आहे. दोन्ही बातम्यांना एकच नियम लावावा, ही विनंती. ऑनलाइन आवृत्तीतील शीर्षक बदलावे व प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार यापुढे काय धोरण राहील ते कळवावे."

बास. कोणी खोटं छापलं असा आरोप नाही, पोलिसांच्या तपासावर शब्द नाही. बातमी शंभर टक्के खरी निघाली तरी हे पत्र जागचं हलत नाही. डेस्कवरच्या माणसाला अशा पत्राचीच अडचण होते. भावनेनं ओथंबलेलं पत्र 'वाचकांचा पत्रव्यवहार'मध्ये कोपऱ्यात छापून मोकळं होता येतं. याला उत्तर द्यावं लागतं.

प्रेस कौन्सिलचं, म्हणजे पेपरांच्या वागणुकीवर लक्ष ठेवायला कायद्यानं नेमलेल्या संस्थेचं, नाव मी पत्रात उगाच घातलेलं नाही. त्यांच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की एखाद्या व्यक्तीची किंवा वर्गाची जात सांगणं सर्वसाधारणपणे टाळावं, विशेषतः त्यातून त्या जातीला कमीपणा आणणारं काही सूचित होत असेल तर. तक्रार करायची तर आधी संपादकाला लेखी कळवावं लागतं, त्यामुळे वरचं पत्र दोन्हीकडे कामाला येतं. कात्रणाची मूळ प्रत आणि पत्राची पोच जपून ठेवा. दैनिकाविरुद्ध तक्रार करायची मुदत बातमी छापून आल्यापासून दोन महिने आहे, आणि तुमचा त्यातला एक संपत आलाय. आता खरं सांगायचं तर कौन्सिल दंड करत नाही. समज देते, ताशेरे ओढते, इतकंच. पण संपादकाला कौन्सिलच्या नोटिशीला खुलासा लिहीत बसावं लागलं, तर पुढच्या वेळी हेडिंग लावताना तो डेस्कला आठवण करतो.

पारधी अनुसूचित जमातीत येतात, तेव्हा ॲट्रॉसिटीचा कायदा आहेच, आणि जमातीविरुद्ध शत्रुत्व पसरवणाऱ्या लेखनाचं कलमही त्यात आहे. पण एका हेडिंगसाठी पहिलं पाऊल ते टाकू नका. त्या वाटेला जायचंच असेल तर जाणत्या वकिलाला कात्रणं दाखवून जा. एक कात्रण नको, वर्षभराची हवीत.

तुम्ही डोळ्यांवर याल का? नाव घालून लिहिलंत तर गावात चर्चा होईल. म्हणून तुमच्या नावानं लिहू नका. भटक्या-विमुक्तांसाठी काम करणारी एखादी संघटना, कॉलेजातले तुमचे सर, कोणीही हे पत्र पाठवू शकतं. ज्याच्यावर बातमी आली त्यानंच तक्रार करावी असा नियम नाही. खरं तर ज्याची ती जात नाही, त्यानं लिहिलेलं पत्र संपादकाच्या टेबलावर जास्त वेळ राहतं. हे बरोबर नाही, पण आहे असं. यूट्यूबवरच्या स्थानिक चॅनेलांनी हीच बातमी लाल बाण लावून टाकली असेल, तर कॉमेंटमध्ये भांडू नका. तो चॅनेल बहुतेक एकच माणूस चालवत असतो. त्याला फोन करून थंबनेलवरचा शब्द काढायला सांगा, बरेचदा काढतात.

पत्राला वजन यावं म्हणून आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. तुरुंगांत जातीवरून कामं वाटली जातात, कोणाला झाडू आणि कोणाला स्वयंपाकघर, यावर मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी सविस्तर लिहिलं आणि मग सर्वोच्च न्यायालयात याचिकाही केली. ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल लागला. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरण्याच्या वृत्तीवर न्यायालयानं सडकून टीका केली आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला कैद्यांच्या जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याच्या नोंदीतही जो रकाना नको, तो फक्त संशयावरून धरलेल्या माणसाच्या हेडिंगमध्ये हवा! हे काम एका बातमीदारानंच केलं, हेही लक्षात असू द्या. सगळा पेशा वाया गेलेला नाही.

आता घरचं. तुम्ही कोणाला फसवलेलं नाही. आडनावावरून जात ओळखल्याची खात्री काकांना होती, चूक त्यांच्या अंदाजाची. सांगायचं बंधन तुमच्यावर शून्य आहे. तरीही मी म्हणेन, कधीतरी सांगा, पण तत्त्वासाठी नव्हे तर सोयीसाठी. तालुक्याचं गाव आहे, बँकेत तुमची भरती कुठल्या प्रवर्गातून झाली हे सहकाऱ्यांना माहीत असणार. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर 'लपवून ठेवलं' असा त्याला रंग येईल. स्वतः सांगितलंत तर दिवस आणि वेळ तुमची.

त्याआधी एक कोरडं काम उरका. अकरा महिन्यांचा करार नोंदवलेला आहे का? महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तोंडी बोलीवर राहत असाल तर आधी करार करून घ्या, शांतपणे, बँकेत पत्त्याचा पुरावा द्यायचाय म्हणून. उद्या कोणाचं डोकं फिरलं तर हातात कागद हवा. जमल्यास दुसरी एखादी खोलीही नजरेत असू द्या. घाबरवत नाही, पण आपल्याकडे खोली नाकारताना कोणी जात हे कारण सांगत नाही. 'पाहुणे येणार आहेत' असं सांगतात.

मग काकूंना सांगा, काकांना नंतर. पेपर उघडा असताना मुळीच नको, त्या वेळी ते उत्तर दिल्यासारखं होतं आणि समोरचा माणूस आपलं वाक्य वाचवायच्या मागे लागतो. स्वयंपाकघरात काही निवडत बसल्या असतील, तेव्हा सरळ म्हणा, "काकू, आम्ही फासेपारधी. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतोय." पुढं काही जोडू नका. आई किती कष्ट करते वगैरे पुढच्या वेळी. त्या गप्प बसल्या तर बसू द्या. त्यांना त्यांचं ते वाक्य आठवणार आहे, आणि ते तुम्ही आठवून देण्यापेक्षा त्यांचं त्यांना आठवलेलं बरं. कदाचित त्या म्हणतील, "पण तू तसा वाटत नाहीस हो." हे कौतुक म्हणून येईल. हसून घेऊ नका. "कसा वाटायला हवा होतो?" एवढं विचारा, चिडून नको, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं. त्यांच्याकडे उत्तर नसेल, कारण त्यांनी पारधी माणूस पाहिलाय तो फक्त फोटोत, काळ्या बुरख्यात.

राहिला तो यशोगाथावाला. तुम्हाला नको वाटतंय त्याचं कारण माझ्या मते असं की ही बातमी त्या पहिल्या बातमीचीच बहीण आहे. तिचं हेडिंग मी आत्ताच सांगू शकते, 'गुन्हेगारीचा शिक्का पुसत पारधी तरुण बँकेत'. तुमच्या माथ्यावर शिक्का होता कधी? तुम्ही परीक्षा दिलीत, पास झालात. पण पुसायचं दाखवायला आधी डाग दाखवावा लागतो, त्यामुळे पहिला अर्धा कॉलम तुमच्या जमातीच्या 'गुन्हेगारी पार्श्वभूमी'चा असणार, आणि तुम्ही त्यातून वर आलेले एकटे. वाचून काका म्हणतील, "बघा, ठरवलं तर सुधारता येतं." अशा बातमीनं पहिल्या हेडिंगचं काहीच बिघडत नाही, उलट त्याला दाखला मिळतो. शिवाय तुमच्या तिजोरीच्या चाव्या, कॅश काउंटर यावर एखादा चमकदार शब्दखेळ होणारच. तो करायचा मोह आवरेल असा उपसंपादक मला क्वचितच भेटलाय.

पेपरात काय जागा मिळवतं आणि काय मिळवत नाही, याचं एक उदाहरण देते. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चवाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा उभी केली. भीक मागणारी, रस्त्यावरची पोरं गोळा करून. तिच्या जागेवर समृद्धी महामार्ग आला, बांधकामाचा काही भाग गेला. बातम्या आल्या, नाही असं नाही. पण महामार्गाच्या उद्घाटनाच्या पुरवण्या किती पानांच्या होत्या ते आठवा.

म्हणून बातमीदाराला सरळ 'नाही' म्हणा, साहेबांना 'मुख्यालयाची परवानगी लागते' म्हणा. ते बहुधा खरंही असेल. आणि बातमीदार पोरगा बरा वाटत असेल, तर त्याला दुसरी बातमी द्या. तुमच्या काउंटरवर पालात राहणारी माणसं येतात, त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, आणि ती परत जातात. अधिकृत कागद नसलेल्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमात 'लहान खातं' आहे, अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही-अंगठ्यावर उघडतं, शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत. हे किती शाखांत सांगितलं जातं? अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, तेव्हा सतत हाकललेल्या माणसानं तो कुठून आणायचा? यात तुमचं नाव लागत नाही आणि तुमच्याइतकं ते त्या गावात कोणाला कळतही नसेल.

त्यानं ती बातमी घेतली तर हेडिंग छापण्याआधी ऐकवायला सांगा. तो म्हणेल, हेडिंग डेस्कच्या हातात असतं. खरंय ते. मग डेस्कवर त्या पानाला कोण बसतं, त्याचा नंबर मागून घ्या.